काकांची गाडी, दादाची गाडी

भिलाईत लोखंडाला तोटा नाही, पण मोटारीला लागतो तसला पातळ पत्रा इथं होत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांना पटत नाही. एवढाली धुरांडी, एवढाल्या भट्ट्या, आणि गाडीच्या दारापुरता पत्रा नाही? नाही. आमच्याकडे रेल्वेचे रूळ होतात, जाडजूड प्लेटा होतात, अँगल, चॅनल, सळया होतात. पत्रा म्हणजे रूरकेला, नाहीतर बोकारो. १९५५ साली रशियनांशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून हे गाव रुळांचं झालं. माझे बाबा रेल मिलमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लोखंड मोजायचं ते मीटरला किती किलो या हिशेबानं, अशी त्यांची सवय. बावन्न किलोचा रूळ, साठ किलोचा रूळ. कोणाचीही मोटार दिसली की बॉनेटवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि निकाल द्यायचे, "डबा आहे."

या लेखातला डबा माझ्या मावशीच्या यजमानांचा. म्हणजे बाबांचे साडू, आमचे काका. नागपूरहून दोघंही इकडे आले ते थोड्या अंतरानं. बाबांनी कारखान्यात नोकरी धरली. काकांनी कारखान्यालाच माल पुरवायचा धंदा काढला आणि नंदिनी रोडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं. १९८९ साली त्यांनी पांढरी कॉन्टेसा क्लासिक घेतली, १.८ लिटरचं इसुझू इंजिन असलेली. तीच गाडी त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, सगळी सोडवून, पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा उभी केली आहे. आज ती सिव्हिक सेंटरला उभी राहिली तर पोरं तिच्यासोबत फोटो काढतात. चार गोल हेडलाइट, लांबलचक बॉनेट, मागे बसकं बूट. भारताची 'मसल कार' म्हणतात तिला आता. हे बिरुद तिला चिकटलं तोवर तिचं उत्पादन कधीच थांबलं होतं.

टाउनशिपमध्ये त्या काळी अशी गाडी म्हणजे काय होतं, हे बाहेरच्याला समजावणं जरा अवघड आहे. इथं कोणाचा पगार किती हे विचारावं लागत नसे. क्वार्टर कुठल्या टाइपचं, त्यावरून ते कळायचं. सेक्टरमधल्या रस्त्यांवर घरं सारखी, कुंपणं सारखी, दिवाळीला लावलेले दिवेसुद्धा जवळपास सारखे. बत्तीस बंगल्यांच्या बाजूला साहेब लोकांच्या अँबेसेडर आणि फियाट. बाकी सगळं गाव सायकलवर. पहाटे सहा, दुपारी दोन, रात्री दहा, अशी पाळी सुटली की रस्ताभर सायकलींचा लोंढा वाहायचा. त्या लोंढ्यात सुपेल्याच्या रेल्वे फाटकाला काकांची कॉन्टेसा अडकून उभी असायची, आणि आजूबाजूला हँडलला डबे लटकवलेली माणसं काचेतून आत बघायची. ती गाडी कुठल्याच ग्रेडमध्ये बसत नव्हती. नोकरीत कितीही वर चढलं तरी जी गोष्ट हाती लागणार नाही, ती आपल्या साडूकडे आहे, हे बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते फक्त टकटक करायचे.

आता या गाडीच्या कुळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढची भांडणं कळणार नाहीत.

कॉन्टेसाचं अंग इंग्लंडचं. व्हॉक्सहॉल कंपनीनं १९७२ मध्ये व्हिक्टरची 'एफई' मालिका काढली. १९७६ नंतर तीच 'व्हीएक्स' या नावानं विकली गेली आणि १९७८ मध्ये बंद झाली. तिकडे चलनातून गेलेल्या त्या गाडीचे साचे हिंदुस्तान मोटर्सनं घेतले, कोलकात्याजवळ उत्तरपाड्याच्या कारखान्यात आणले, आणि १९८४ मध्ये कॉन्टेसा बाजारात आली. इंग्लंडमध्ये याच अंगात व्हेंटोरा नावाचा एक प्रकार होता. त्यात ३.३ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन असे. बॉनेट एवढं लांब का, याचं हे उत्तर. उत्तरपाड्यात त्या प्रशस्त जागेत काय बसवलं? अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. बाराशे किलोच्या आसपासची गाडी ते कशीबशी ओढायचं. इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले ते नंतर, आणि तेव्हा कुठं ताकद ऐंशी-नव्वद अश्वशक्तीपर्यंत गेली. अँबेसेडरमधून उतरून तिच्यात बसलेल्या माणसाला ती विमानासारखी वाटली असेल तर नवल नाही.

हे फक्त कॉन्टेसाचंच झालं असं नाही. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९८५ मध्ये 'स्टँडर्ड २०००' काढली. अंग रोव्हर एसडी-वनचं, जी १९७७ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' होती आणि जिच्यात ३.५ लिटरचं व्ही-आठ इंजिन मिळायचं. आपल्याकडे तिच्यात घातलं ते जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या घराण्यातलं दोन लिटरचं, आणि तीन-चार वर्षांत गाडीचा कारभार आटोपला. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरनं ११८ एनई काढली, तिचं अंग फियाट १२४ चं आणि इंजिन निस्सानचं, बाराशे सीसीच्याही आतलं. परकीय चलनाची टंचाई, परवान्यांचं राज्य, आयात करायची तर जबर शुल्क. अशा दिवसांत विलायतेत जुने झालेले साचे घेणं परवडायचं, नवं मोठं इंजिन परवडायचं नाही. त्यामुळे आपल्या देशात आलिशान गाडी म्हणजे बराच काळ आलिशान बॉडी एवढाच अर्थ होता. तिला वेगवान म्हणायचं ते शेजारच्या लेनमध्ये अँबेसेडर आहे म्हणून.

जगातल्या वेगवान सेडान गाड्यांचा इतिहास तरी कुठं सोवळा आहे म्हणा! आमची पहिली भट्टी पेटली त्याच १९५९ मध्ये जग्वारची मार्क-टू आली. ३.८ लिटरची, दोनशेवर अश्वशक्तीची. ब्रिटनमध्ये पोलीसही तीच वापरत आणि बँका लुटणारेही. पुढे लान्चियानं थेमा सेडानमध्ये फेरारीचं इंजिन घातलं. मर्सिडीजनं ५०० ई ही दांडगी गाडी बांधायला चक्क पोर्शच्या कारखान्याची मदत घेतली. एकाच्या अंगात दुसऱ्याचा जीव घालणं हे या जातीच्या गाड्यांचं जुनं वळण आहे. फरक एवढाच की तिकडे जीव मोठा घालत, आपण लहान घातला.

काकांनी तर तोही काढला.

१९९० च्या आखाती संकटानंतर पेट्रोल जे चढलं ते चढलंच. डिझेल त्याच्या निम्म्याहून स्वस्त. कॉन्टेसाचं इसुझू इंजिन शहरात पेट्रोल कसं पितं हे काका दर आठवड्याला पाहत होते. एके दिवशी त्यांनी ते इंजिन विकून टाकलं आणि मॅटॅडोरचं डिझेल इंजिन तिच्यात बसवून घेतलं. मॅटॅडोर म्हणजे पुण्याच्या आकुर्डीतल्या बजाज टेम्पोची व्हॅन, तेव्हा गावोगाव धावणारी. अशी अदलाबदल त्या काळी सर्रास चाले. अँबेसेडरमध्ये मॅटॅडोर, जीपमध्ये मॅटॅडोर, कॉन्टेसातही मॅटॅडोर. आरसी बुकात 'पेट्रोल' खोडून 'डिझेल' झालं, आणि गाडीचा स्वभाव बदलला. इंजिन जड, म्हणून नाक खाली. सकाळी सुरू केली की पांढऱ्या धुराचा लोट आणि काचांची थरथर. ऐंशीच्या पुढे गेली की आत बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळे मावशी प्रवासात गप्प बसायची असं काका सांगत. मावशीचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं.

पण धावली किती! लग्नकार्यं, शाळेची पोरं, दल्ली-राजहऱ्याच्या खाणीकडच्या फेऱ्या, बूटमध्ये वेल्डिंग रॉडची खोकी, एकदा तर मागची सीट काढून ऑक्सिजनचं सिलिंडर. छतावर कॅरियर लावायला पन्हाळीत भोकं पाडली गेली, मागच्या फळीत स्पीकरसाठी दोन गोल कापले गेले. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, दुर्गच्या नव्या गाड्यांना 'सीजी ०७' मिळू लागला, हिच्या पाटीवर 'एमपी' तसंच राहिलं. आणि नागपूरच्या फेऱ्या तर विचारूच नका. गावाकडच्या शेताचा एक दावा होता. त्याच्या तारखेला काका बाबांना सोबत न्यायचे, कारण कागद बाबांना वाचता यायचे आणि गाडी काकांकडे होती. राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली, भंडाऱ्याचा वैनगंगेवरचा पूल. बाबा पुढच्या सीटवर, मांडीवर फाइल, खिडकी अर्धी उघडी. अशा एका तारखेहून परतल्यावर आईनं विचारलं, कशी आहे हो गाडी? बाबा म्हणाले, "ठीक आहे. धूर फार करते." कारखान्याच्या धुरांड्यांखाली उभा जन्म काढलेला माणूस हे म्हणत होता.

पुढे काकांनी दुसरी गाडी घेतली, कॉन्टेसा वर्कशॉपच्या मागे शेडमध्ये गेली. तिकडे उत्तरपाड्यात २००२ मध्ये कॉन्टेसा बनणं थांबलं, मे २०१४ मध्ये अँबेसेडरही थांबली आणि कारखान्याला कुलूप लागलं. अँबेसेडरचं नाव फ्रेंच प्यूजोनं ऐंशी कोटींना विकत घेतलं. नावाला गिऱ्हाईक मिळतं, साच्यांना मिळत नाही.

दादानं शेडमधली कॉन्टेसा बाहेर काढली तेव्हा मला वाटलं होतं, रंग मारील, सीटा बदलील, झालं. पण रंगाच्या आधी पत्रा येतो. पत्र्याशी आमच्या घराचं काय नातं आहे ते मी वर लिहिलंच आहे.

पांढऱ्या गाडीचं भिलाईत काय होतं ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. लांबून गाडी नुसती मळकी दिसते. जवळ जाऊन छतावर तळवा फिरवला की खरखर लागते, पॉलिश पेपरसारखी. साबणानं कितीही धुवा, जात नाही. डोळा अगदी टेकवला की नारिंगी ठिपके दिसतात, मोहरीहूनही बारीक. भिंग धरलं तर प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये एक काळा कण. तो लोखंडाचा. हवेतून येऊन रंगात रुतलेला, आणि पावसानं गंजून भोवती नारिंगी वलय पसरवलेला. रेल्वेच्या आणि पोलादाच्या गावांमधल्या गाड्यांचं हे जुनं दुखणं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ पाण्यानं पुसून, नाहीतर मळलेल्या कणकेसारखा क्लेचा गोळा ओल्या पत्र्यावरून फिरवून ते कण उचलावे लागतात. म्हणजे भिलाईचं लोखंड गाडीच्या पत्र्यात नव्हतं, पण पत्र्यावर होतं. दादाला हे मी सांगितलं तर तो म्हणाला, "लेखातच लिही, मला कण काढू दे."

रंग खरवडल्यावर मग खरी कहाणी बाहेर आली. पॉवर हाउस भागातल्या एका पेंटरनं फडक्यात गुंडाळलेलं एक लोहचुंबक आणलं आणि डॉक्टर पाठ तपासतो तसं ते सगळ्या अंगावरून फिरवलं. जिथं ते निसटायचं तिथं लांबी, म्हणजे पुट्टी. मागच्या दोन्ही चाकांच्या वर लांबीच लांबी. उजव्या दाराच्या खालच्या कडेला तर पत्रा नावालाही नव्हता, नुसती लांबी आणि तिच्यावर रंग. गालिचा उचलला तर ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसली.

पत्रा आणला रायपूरहून, वीस गेजचा सीआर. एक मिलिमीटरही भरत नाही तो. आणि वर्कशॉपच्या सगळ्यात तरबेज वेल्डरच्या हाती दिला. हा गडी वीस मिलिमीटरच्या प्लेटा असा जोडतो की एक्स-रे काढला तरी शिवण निर्दोष निघावी. गाडीच्या पत्र्याला त्यानं रॉड टेकवला आणि पत्र्याला भोक. करंट कमी केला, पुन्हा भोक. जरा वेळानं तिथं जाळी झाली. आयुष्यभर जाड लोखंडाशी झुंजलेल्या हाताला एवढं हलकं काही धरताच येईना. तो उठला, चष्मा काढला, म्हणाला, "हे आपलं काम नाही." मग ट्रक-बॉडीच्या गल्लीतले एक वयस्क सरदारजी डेंटर आले. आम्ही सगळे त्यांना पाजी म्हणतो. गॅसची बारीक ज्योत, पितळेची कांडी, आणि हातात एक लाकडी हातोडी. ते एक थेंब लावायचे, थांबायचे, ओल्या चिंधीनं पत्रा निववायचे, मग हाताभर लांब दुसऱ्या टोकाला दुसरा थेंब. सलग लावलं तर पत्रा तापून लाटा मारतो. त्या दोन कारागिरांकडे पाहताना माझ्या मनात आलं, बाबा टकटक करायचे ते या फरकावर. पण पाजींचं काम बघितलं असतं तर 'डबा' म्हणायच्या आधी ते जरा थांबले असते.

इंजिनाचं प्रकरण लांबलं, आणि खरी वादावादी तिथंच झाली. दादाला इसुझूचं १.८ पेट्रोलच हवं होतं. ते सुटं मिळत नाही. विदर्भात एक मोडीत निघालेली कॉन्टेसा मिळाली. ती घेतली, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, दोन दारं आणि मागचे दिवे काढले, बाकी भंगारात गेली. एक गाडी उभी करायला एक गाडी मारावी लागते, हे कुणी मिरवताना सांगत नाही. राहिलेले सुटे भाग कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून आले. हावड्याच्या लाइननं पार्सल दुर्गला उतरलं. गाडी जिथं जन्मली तिथून हाकेच्या अंतरावरून निघालेलं ते खोकं, आमच्या गावात लाटलेल्या रुळांवरून आमच्याच गावाला आलं असेल, असं म्हणायला मला आवडतं. आता इथं १३० मीटर लांबीचे रूळ लाटतात आणि जोडून २६० मीटरचे पाठवतात. बाबांच्या वेळी तेरा मीटरचे होते.

सगळं जमत आलं तेव्हा रायपूरचा एक तरुण गाडी बघायला आला आणि त्यानं दादाला मोह घातला. म्हणाला, एवढ्या बॉनेटखाली चार सिलिंडर काय ठेवता? टोयोटाचं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं बसवा, मग बघा. मला त्याचं बोलणं सोडून देण्यासारखं वाटलं नाही. हे अंग मुळात सहा सिलिंडरही बसतील असंच तर घडवलं होतं. व्हेंटोराची आठवण ठेवायची तर टोयोटाचं इंजिनच जास्त 'मूळ' ठरेल, इसुझू ही मधली तडजोड. दादा ऐकेना. आणि कायदाही ऐकत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल: कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपाच्या पलीकडे जाऊन गाडीत मोठे फेरफार करता येत नाहीत. 'व्हिंटेज' म्हणून सवलत मागावी तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षं ओलांडलेली लागते. आमचीला २०३९ उजाडेल. तोवर ती नुसती जुनी. दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची. २०२२ मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना पुढे आणखी वाढली. त्यात नवं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. जुन्या कार्ब्युरेटरच्या रबरी वॉशरना आणि पाइपांना ते सोसत नाही, रबर फुगतं, टाकीत पाणी ओढलं जातं. दादानं पेट्रोलचा सगळा मार्ग नव्या पाइपांचा केला. १९८९ चं इंजिन बसवता येतं, १९८९ चं पेट्रोल कुठून आणणार?

माझा आणि त्याचा वाद मात्र कायद्याचा नव्हता. मॅटॅडोरचं इंजिन उतरवलं तेव्हा खाली एक चौकट निघाली. मूळ क्रॉसमेंबर कापून काकांनी आपल्याच वर्कशॉपमध्ये, आपल्याच हातानं पन्नास बाय पन्नासच्या अँगलची ती बनवली होती, जड इंजिन पेलायला. अँगलवर भिलाईच्या कारखान्याची उठावाची अक्षरं अर्धवट वाचता येत होती. सगळ्या गाडीत आमच्या गावचं लोखंड तेवढंच. दादानं ती चौकट ग्राइंडरनं कापून बाजूला टाकली, पन्हाळीतली कॅरियरची भोकं बुजवली, स्पीकरचे गोल बुजवले.

मी म्हटलं, "दादा, तू गाडी दुरुस्त करतोयस की पुसतोयस?"

तो म्हणाला, "मी बाबांनी घेतली तशी करतोय."

"काकांनी घेतली तशी ती दोन-तीन वर्षं होती. चालवली ती डिझेलवर."

"ती मजबुरी होती."

यावर मी फार बोललो नाही, पण मला ते मान्य नाही. गाडी पूर्ववत करायची म्हणजे आधी एक तारीख निवडावी लागते, आणि तारीख निवडतो तो माणूस स्वतःसाठी निवडतो. १९८९ मध्ये दादा अकरा वर्षांचा होता. नवीन सीटचा वास, वर्गातली पोरं गाडीला हात लावायला येताहेत, बाप ऐटीत स्टिअरिंगवर, ही त्याची तारीख. डिझेलचा लोट सोडत शाळेच्या फाटकापाशी थांबणारी गाडी त्याला नको, कारण तेव्हा तो पंधराचा होता आणि लांबूनच उतरायचा. यात गैर काही नाही. पण तिला 'मूळ' म्हणू नये. मुळात तर तिच्या अंगात इंग्रजी सहा सिलिंडरही बसत होतं, आणि मुळात काका तिचं ॲव्हरेज लिहून ठेवणारे गृहस्थ होते.

गाडी तयार झाली तेव्हा आम्ही तिला नागपूरच्या रस्त्यावर काढली. राजनांदगावच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. चौथ्या गिअरमध्ये ती ज्या मऊपणानं नव्वदला जाते तो मी लहानपणी कधी अनुभवला नव्हता, माझ्या वाट्याला फक्त मॅटॅडोर आली होती. पुढे-मागे चारी चाकांवर गुंडाळी स्प्रिंगा. अँबेसेडरसारखे मागे पाटे नाहीत. खड्डा आला की गाडी एकदा श्वास घेतल्यासारखी वर उठते, आणि बसते. आतमध्ये आवाज एवढा कमी की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, पण घड्याळ चालत नाही. शंभर, एकशेदहा. दादाच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांचा मुलगा स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात एक डिझायर टॅक्सी, मागे कॅरियरवर बॅगा, शांतपणे आम्हाला ओलांडून गेली. तिच्यातही ऐंशी-नव्वदच अश्वशक्ती, वजन मात्र कितीतरी कमी. १९८९ मधली जी ताकद सुपेल्याच्या फाटकावर माणसं वाकून बघायची, ती आता ओला-उबरला जुंपली आहे. दादानं ॲक्सिलरेटर दाबला नाही. मला ते आवडलं. अशा गाडीनं मागे लागायचं नसतं.

परत आल्यावर काकांना तिच्यात बसवलं. ऐंशी ओलांडलेले काका मागच्या सीटवर बसले, सीटवर हात फिरवला, काच खाली-वर केली. सिव्हिक सेंटरवरून मैत्रीबागेपर्यंत गेलो आणि आलो. दादा आरशात त्यांच्याकडे बघत होता. उतरताना काकांनी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

दादानं सांगितलं.

"मग डिझेल काढलं कशाला?"

मावशी हसून हसून दाराला टेकली. दादा आठवडाभर घुश्श्यात होता.

मॅटॅडोरचं इंजिन अजून वर्कशॉपमध्ये पडून आहे. दादाला ते भंगारात द्यायचं होतं. काकांनी देऊ दिलं नाही. मध्यंतरी धमध्याकडचा एक भाजीवाला शेतकरी पंपासाठी म्हणून बघायला आला. टोमॅटोच्या पैशातून घेणार होता, घासाघीस करून करून बोलत होता. काकांनी पोराकडून ट्रकची बॅटरी आणवली, डिझेलचा डबा टांगला, स्वतः वाकून पाइप जोडला आणि चावीऐवजी दोन वायरी एकमेकींना टेकवल्या. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. पाण्याशिवाय जास्त वेळ चालवता येत नाही म्हणून लगेच बंद केलं, पण तेवढ्यात शेडभर पांढरा धूर झाला होता आणि शेतकऱ्याचा चेहरा खुलला होता. त्यानं बोललेली रक्कम बरी होती. काकांनी त्यावर आणखी पाच हजार सांगितले. तो गेला, परत आला, दोन वाढवतो म्हणाला. काका म्हणाले, पाचच. सध्या तिथंच अडलं आहे.